मालकाला स्वतः उघडता येणारा घडीचा चाकू

आंब्याच्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका बागवान बंधूंनी हातगाडीवर वापरायचा आपला घडीचा चाकू आमच्या हातात दिला. पाते उघडायला जोर लागत होता आणि उघडल्यावर ते मुठीत डावीकडे-उजवीकडे हलत होते. चाकू हंगामाच्या सुरुवातीलाच नवा घेतलेला. रोज रात्री धुतो, पुसतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरेच असावे, कारण बाहेरून चाकू स्वच्छ दिसत होता. आम्ही तो जवळच्या शिकलगाराकडे नेला. उस्तादांनी रिव्हेटचे डोके कानशीने घासले, पंच ठेवून हातोडीचे दोन टोले दिले आणि सांधा सोडवला. आत चीक, रस आणि रस्त्याची धूळ यांचा काळा लगदा होता. पात्याच्या बुडाशी भोकाभोवती गंजाने खड्डे पाडले होते. धार मात्र अजून शाबूत. उस्ताद एवढेच म्हणाले, "पाते चांगले आहे, सांधा गेला."

घडीचा चाकू बहुधा असाच मरतो. फळवाला, मासेवाला, चामड्याचे काम करणारा, बाग राखणारा, कोणाचाही चाकू घ्या. धार गेली तर ती सहाणेवर परत येते, पण सांध्यात गेलेली घाण बाहेर काढण्याची सोय मालकाकडे नसते. पाते मिटले की त्याच्यावरचा रस मुठीच्या खोबणीत उतरतो आणि तेथून खिळ्याभोवती शिरतो. धुताना गेलेले पाणीही तेथेच राहते. म्हणजे जो जास्त धुतो त्याच्या चाकूचा सांधा कधी कधी आधी गंजतो! मग मालकालाच हा सांधा उघडता का येऊ नये? या प्रश्नावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बाहेरच्या देशांत बरेच काम झाले आहे. आपल्या कारागीर बंधूंच्या ते कामाचे आहे, म्हणून आज या पानावर त्याचा विचार करू.

आधी रिव्हेटची बाजू. रिव्हेट वाईट नाही. तो स्वस्त आहे, एरण आणि हातोडी एवढ्यावर बसतो आणि जाणत्या हाताने बसवला तर वर्षानुवर्षे टिकतो. फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगरी भागातला ओपिनेल चाकू याचा उत्तम दाखला आहे. शेतीची धारदार अवजारे घडवणाऱ्या लोहाराच्या घरात जन्मलेल्या जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९० मध्ये तयार केला. लाकडी मूठ, पाते, खिळा आणि एक धातूचे कडे, एवढाच संसार. १९५५ मध्ये त्यात पाते जागेवर रोखणारी फिरती कडी आली आणि सुट्या भागांची संख्या पाच झाली. आजही तो त्याच रचनेने बनतो. परंतु त्याचा खिळा ठोकलेलाच असतो. मूठ लाकडाची असल्यामुळे ओली झाली की फुगते आणि पाते आत अडकते. मग साव्हॉयचे लोक मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटतात, पाते थोडे बाहेर येते आणि ते चिमटीत धरून ओढतात. या आपटण्याला तेथे 'साव्हॉयी टोला' म्हणतात. पाच सुट्या भागांचा इतका साधा चाकू, पण मालकाने घरी खोलावा अशी त्याची रचना नाही. धुऊन, पुसून, वाळवून ठेवावा, एवढेच त्याच्या हाती.

रिव्हेटची खरी अडचण अशी की एकाच ठोक्यात दोन गोष्टी साधायच्या असतात. पाते डुलता कामा नये आणि अडकताही कामा नये. ठोका जास्त बसला तर पाते आवळते, कमी बसला तर लटलटते. हे माप कारागिराच्या मनगटात असते. ते मालकाला देता येत नाही. म्हणूनच रिव्हेटच्या जागी नुसता स्क्रू घातला की काम झाले असे समजणे चूक आहे. स्क्रू घातला तरी तो किती आवळायचा हा प्रश्न उरतोच. मालक चाकू खोलतो, धुतो, परत जोडतो, आणि मग एक तर पाते हलते नाही तर घट्ट होते. थोडे सैल, थोडे घट्ट करता करता तो कंटाळतो, आणि चार दिवसांनी स्क्रू आपोआप सैल होऊन गाडीवरच गळून पडतो. बाजारातल्या बऱ्याच स्क्रूवाल्या चाकूंची हीच रड आहे. त्यात अलीकडे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचे स्क्रू सर्रास वापरतात. त्याचा पाना सामान्य घरात नसतो. शिवाय अनेक कंपन्या कागदावर लिहून देतात की चाकू खोलला तर गॅरंटी रद्द. म्हणजे स्क्रू दिसतो, पण तो मालकासाठी नसतो.

या अडचणीवर जो इलाज निघाला तो एका टूल अँड डाय मेकरच्या डोक्यातून निघाला, आणि आपल्यातले कितीतरी तरुण याच कामात असल्यामुळे तो नीट समजून घेण्यासारखा आहे. ख्रिस रीव्ह हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. १९८९ मध्ये ते अमेरिकेत आयडाहो राज्यातील बॉयसी शहरात स्थायिक झाले. त्यांच्या घडीच्या चाकूचे नाव 'सेबेन्झा'. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम' असा होतो. टायटॅनियमच्या दोन पट्ट्यांची मूठ आणि मध्ये पाते, दिसायला अगदी साधा. त्याबरोबर कंपनी स्क्रू खोलण्याचा पानाही देते आणि खोलून साफ कसा करायचा तेही सांगते. गॅरंटी रद्द होण्याची धमकी नाही, उलट आमंत्रण आहे.

हे धाडस त्यांना कशामुळे परवडले? मुख्य करामत सांध्यातल्या बुशची. पात्याच्या भोकात पोलादाची एक छोटी नळी, म्हणजे बुश, बसते आणि पाते त्या बुशवर फिरते. पात्याच्या दोन्ही अंगांना ब्राँझचे पातळ वॉशर. बुशची लांबी पाते अधिक दोन वॉशर यांच्या एकूण जाडीपेक्षा केसाच्या अंशाइतकी जास्त असते. स्क्रू पूर्ण आवळला की मुठीच्या दोन्ही पट्ट्या बुशच्या टोकांवर येऊन टेकतात. सगळा दाब बुश घेतो, पात्यावर तो येतच नाही. त्यामुळे मालकाने काहीही अंदाज करायचा नाही. स्क्रू फिरेल तेवढा फिरवायचा, थांबला की झाले. पाते हलणार नाही, अडकणारही नाही. जे माप पूर्वी हातोडीच्या ठोक्यात होते ते आता लेथवर बुश कापतानाच ठरते, आणि मालकाने शंभर वेळा खोलून जोडले तरी बदलत नाही.

आमच्या मते या सगळ्या विषयातली शिकण्याजोगी गोष्ट ही आहे. मूठ टायटॅनियमची आहे की चंदनाची, याला फारसे महत्त्व नाही. सेबेन्झाची किंमत आपल्याकडच्या चांगल्या दुचाकीच्या निम्म्याच्या आसपास जाते. असला चाकू फळाच्या गाडीवर कोणी वापरणार नाही, आणि वापरू नये. पण बुशची युक्ती पितळ, साधे पोलाद आणि शिसवी लाकूड यांतही तशीच चालते.

दुसरा मार्ग अमेरिकेतच हवाई बेटांवर राहणारे चाकूकार केन ओनियन यांनी काढला. त्यांना पानाही नको होता. ऑरेगन राज्यातील कोलंबिया रिव्हर नाइफ अँड टूल या, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीसाठी त्यांनी 'होमफ्रंट' हा चाकू रचला. मैदानावरच्या सैनिकाला जवळ कोणतेही अवजार नसताना बंदुकीप्रमाणे चाकूही खोलून साफ करता यावा, ही त्यामागची कल्पना. पात्याच्या सांध्याशी एक छोटा खटका आहे, तो ढकलायचा. मुठीच्या मागच्या टोकाला एक दातेरी चाक आहे, ते बोटाने फिरवायचे. मुठीची एक बाजू उचलून बाजूला येते, पाते हातात येते. चिखल, रक्त, वाळू काय असेल ते धुवायचे आणि उलट क्रमाने जोडायचे.

काम बघायला सुरेख आहे, तरीही आम्हाला थोडी शंका आहे. ज्या सांध्याची घाण काढायची त्याच सांध्याशेजारी आणखी एक खटका आणि आणखी एक चाक आले, म्हणजे घाण बसायला आणखी दोन जागा झाल्या. सैनिकाची गोष्ट वेगळी. आपल्या गाडीवाल्याला रात्री घरी गेल्यावर चाकू खोलायचा आहे, आणि घरी एखादे नाणे असतेच. नाण्याने फिरेल असा रुंद खाचेचा एकच स्क्रू त्याला पुरे.

येथे एक जुनी आणि सर्वांना माहीत असलेली गोष्ट आठवते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असता एका धान्याच्या राशीपाशी थांबले. त्यांनी राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे, आतले भिजलेले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, भिजलेले वर का ठेवले नाही म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणाराचा आपल्याशी संबंध नाही, असे स्पष्ट केले. रिव्हेट ठोकलेला चाकू म्हणजे आत हात घालता न येणारी रास आहे. आत वॉशर पितळेचा आहे, पत्र्याचा आहे की मुळीच नाही, पात्याचे भोक रीमरने साफ केले आहे की ड्रिल मारून तसेच सोडले आहे, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. प्रत्येक रिव्हेट ठोकणारा फसवतो असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही, रिव्हेट ठोकणारे उस्ताद आमचे आदरणीय आहेत. परंतु जो कारागीर गिऱ्हाइकासमोर दुकानातच स्क्रू सोडून आतला माल दाखवू शकतो, त्याला वेगळी जाहिरात लागत नाही.

आणि ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्या सलमानी बंधूंचा वस्तरा घ्या. तोही घडीचाच. पूर्वी सगळे पाते एकसंध असे आणि दर गिऱ्हाइकामागे चामड्याच्या पट्ट्यावर घासून तेच वापरत. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती समजली तेव्हा एकदाच वापरायच्या अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला. खाच उघडायची, ब्लेड टाकून द्यायची, धारक धुऊन पुसून नवी ब्लेड घालायची. स्वच्छतेने अवजाराची रचनाच बदलली आणि आज हे काम डोळे मिटून होते. किंवा मेरठची कात्री घ्या. २०१३ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. गाड्यांच्या कमानींसारख्या भंगार पोलादातून ती घडते, तिला पुन्हा पुन्हा धार लावता येते, आणि 'दादा ले, पोता बरते', म्हणजे आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती आहे.

याउलट रामपूरची कथा. रामपुरी चाकूची कारागिरी नामांकित. पाते उघडताना कट-कट असा आवाज करणारी दातेरी गरारी ही त्यातली खास चीज. पण सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात दिले, पात्याच्या लांबीवर निर्बंध आले आणि धंदा आटत गेला. २०२३ मध्ये रामपूर शहरातील एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. ठीक आहे, शहराची ओळख म्हणून चांगलेच. पण हाच सफाईदार हात फळवाल्याच्या, माळ्याच्या, चर्मकाराच्या चाकूकडे वळला असता तर, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आता प्रत्यक्ष करून पाहणाऱ्यांसाठी. पाते २.५ मि.मी. जाडीचे आणि वॉशर प्रत्येकी ०.३ मि.मी.चे धरले तर एकूण ३.१ मि.मी. होतात. बुश ३.१ च्या वर दोन ते तीन शतांश मि.मी. ठेवावा. तो प्रथम थोडा लांबच कापावा आणि सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत, जोडून बघत, उतरवावा. जास्त उतरला तर तो बुश फेकून द्यावा, पत्र्याचे तुकडे घालून जुळवू नये. पात्यातले भोक ड्रिलने थोडे कमी मापाचे पाडून रीमरने पूर्ण करावे, कारण पाते डुलण्याचे निम्मे कारण हे भोकच असते. पात्याला पाणी देण्याआधी भोक पूर्ण करावे, नंतर रीमर चालणार नाही. पाणी दिल्यावर भोकात जमलेली काजळी मात्र साफ करावी. स्क्रूचा नट एका बाजूने चपटा करून मुठीतले भोकही तसेच चपटे ठेवावे, म्हणजे एका बाजूने स्क्रू फिरवताना दुसऱ्या बाजूचा नट सोबत फिरत नाही. एवढे केले नाही तर मालकाला दोन्हीकडून धरायला दोन अवजारे लागतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. मुठीच्या पाठीमागची बाजू शक्य तितकी उघडी ठेवावी, पाणी आणि कचरा पलीकडून निघून जाईल.

चाकूबरोबर एक छोटा कागद द्यावा, मराठीत आणि जमल्यास उर्दूतही. त्यात लिहावे की प्रथम ताटात फडके पसरून त्यावर काम करावे, कारण वॉशर हरवला तर चाकू गेला. पाते सुटले की त्याला मूठ नसते, तेव्हा धारेकडून पाठ फिरवून जाड फडक्यात धरावे, आणि लहान मुले जवळ नसावीत. कोमट पाणी, साबण, जुना दात घासायचा ब्रश. मग लगेच कोरडे पुसावे. तेलाचा एक थेंब पुरतो. गोडे तेल वापरू नये, ते काही दिवसांत चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. खोबरेल थंडीत गोठते. फळे-भाज्या कापायच्या चाकूला औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन उत्तम. शिवणयंत्राचे तेल चामडे-दोरी कापायच्या चाकूला ठीक, खाण्याच्या वस्तूला नको.

कुर्बानीच्या कामासाठी मात्र घडीचा चाकू, तो कितीही चांगला असो, आम्ही सुचवणार नाही. त्या कामाला अखंड, न मिटणारी, लांब आणि अतिशय धारदार सुरीच हवी, जनावराला त्रास कमीत कमी व्हावा ही शिकवण आपल्याला आहेच.

विक्री करणाऱ्यांनी कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४ खाली सरकार ठराविक प्रदेशात ठराविक हत्यारांना परवाना आवश्यक करू शकते. दिल्लीत अशा अधिसूचनेने बटनदार, गरारीदार आणि तत्सम उघडणाऱ्या चाकूंची, पाते ७.६२ सें.मी. किंवा जास्त लांब आणि १.७२ सें.मी. किंवा जास्त रुंद असेल तर, निर्मिती व विक्री नियंत्रित केली आहे. घाऊक माल दिल्लीहून आणणाऱ्यांनी हे आकडे वहीत टिपून ठेवावेत. आपल्या राज्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाईहुकूम लागू असताना चाकू बाळगून रस्त्याने फिरणे अंगाशी येऊ शकते. सणासुदीला, मिरवणुकीच्या दिवशी असे हुकूम निघतात. गाडीवाल्या बंधूंनी त्या दिवशी चाकू खिशात न ठेवता फळांच्या पेटीत, कामाच्या जागीच ठेवावा. आम्ही सुचवतो तो चाकू नखाच्या खाचेने, दोन्ही हातांनी उघडणारा, बटनाविना आणि आखूड पात्याचा असावा. पोलिसाच्या हातात पडला तरी हे कामाचे अवजार आहे हे त्याला दिसले पाहिजे. त्यात गरारी नको, झटक्याने उघडणारी स्प्रिंग नको.

शेवटी आमच्या शिकलगार मित्राने उपस्थित केलेली शंका. मालकच चाकू खोलू लागला तर आमच्याकडे येईल कोण? ही शंका रास्त आहे, कारण रिव्हेट बदलण्याचे काम हे त्यांच्या रोजीचा भाग आहे. पण त्यांच्याच दुकानात बसून आम्ही पाहिले की सांधा गेलेला स्वस्त चाकू घेऊन कोणी येतच नाही. नवा चाकू रिव्हेट बदलण्याच्या मजुरीपेक्षा थोडाच महाग मिळतो, म्हणून जुना कचऱ्यात जातो. त्या बागवान बंधूंचा चाकू आम्ही नेला म्हणून गेला, एरवी तोही फेकला गेला असता. खोलता येणारा चाकू फेकला जात नाही. त्याला वॉशर लागतात, बुश लागतो, स्क्रू लागतो, आणि मुठीबाहेर काढलेले मोकळे पाते सहाणेवर बुडापर्यंत घासता येत असल्याने त्याला शिकलही चांगली बसते. उस्तादांनी हे ऐकून घेतले, मान डोलावली नाही. मात्र त्या चाकूत रिव्हेट परत ठोकण्याऐवजी त्यांनी पितळी नळीचा एक तुकडा शोधून काढला आणि तो घासायला बसले. पहिला बुश आखूड झाला, तो त्यांनी बाजूला टाकला. दुसरा बसला. बागवान बंधू आता एक रुपयाच्या नाण्याने चाकू खोलतात. उस्तादांनी मजुरी रिव्हेटच्या दुप्पट घेतली आणि सोबत दोन जादा वॉशर कागदात बांधून दिले.